जुना लोगो पुन्हा पुन्हा परत का येतो? फायलींच्या गोंधळाचं मूळ शोधून काढण्याची पद्धत

लोगो बदलून वर्ष उलटलं. वेबसाइट नवी, व्हिजिटिंग कार्डं नवी. तरीही एका वितरकाच्या बॅनरवर जुनाच लोगो झळकतो, एका निविदेच्या पहिल्या पानावर जुनाच असतो, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघणाऱ्या बिलावर तर तो कधी बदललेलाच नसतो. मग सगळ्यांना ईमेल जातो, 'यापुढे कृपया नवीनच लोगो वापरावा', सोबत फाइल जोडलेली. दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच.

लोगोच्या जागी दुसरंही काही असू शकतं. बंद झालेल्या मॉडेलचा फोटो नव्या माहितीपत्रकात येतो. मुदत संपलेलं प्रमाणपत्र ग्राहकाला जातं. छपाईवाला दर वेळी 'हाय-रेझ फाइल (जास्त पिक्सेलची) पाठवा' म्हणतो आणि दर वेळी ती नव्याने शोधावी लागते. चांगला फोटो काढून घेतलेला असतो, पण सापडत नाही म्हणून तोच पुन्हा काढून घेतला जातो. वरवर ही वेगवेगळी दुखणी आहेत. बहुतेक कंपन्यांत त्यांचं मूळ एकच निघतं: योग्य फाइल अस्तित्वात असते, पण चुकीची फाइल हाताला अधिक जवळ असते.

एवढं कळलं की ईमेलने सूचना पाठवण्याचा उपाय का चालत नाही तेही कळतं. त्या सूचनेसोबत जोडलेली नवी फाइल म्हणजे आणखी एक सुटी प्रत. पुढच्या बदलाच्या वेळी तीच 'जुनी' होऊन पन्नास इनबॉक्समध्ये पडलेली असणार.

आधी चुकीच्या फाइलचा माग काढा

सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी, फोल्डर लावायला बसण्याआधी, हे करा. अलीकडे बाहेर गेलेल्या चुकीच्या गोष्टी समोर ठेवा आणि ज्यांनी त्या पाठवल्या त्यांना तीन प्रश्न विचारा. फाइल कुठून घेतली? तिथूनच का घेतली? आणि योग्य फाइल त्या वेळी कुठे आहे हे माहीत होतं का? विचारताना जाब विचारल्याचा सूर येऊ देऊ नका, नाहीतर 'चुकून झालं' एवढंच उत्तर मिळेल आणि माग तिथेच संपेल.

उत्तरं साधारण अशी असतात: गेल्या वर्षीच्या सादरीकरणातून कॉपी केला; ग्रुपवर कोणीतरी टाकला होता; आपल्याच वेबसाइटवरून राइट-क्लिक करून घेतला; एजन्सीने पाठवला तसाच वापरला; माझ्या लॅपटॉपवर होता. या उत्तरांवरून समस्या नेमकी कोणती ते ठरतं, आणि उपायही त्यावरच ठरतो. सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

दर वेळी चूक एकाच ठिकाणाहून येत असेल, तर कुठल्यातरी टेम्प्लेटमध्ये जुनी प्रत अडकली आहे. तेवढी दुरुस्त केली की झालं, मोठी व्यवस्था उभारायची गरज नाही. फाइल बदलली आहे पण पडद्यावर जुनीच दिसते, तर तो कॅशेचा, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या प्रतीचा प्रश्न आहे. फाइल योग्य आहे पण धूसर किंवा भलत्याच रंगात दिसते, तर गडबड फॉरमॅटची आहे. आणि दर वेळी चूक वेगळ्याच ठिकाणाहून येत असेल, तर मात्र तुमच्याकडे फायलींना एक ठरलेलं घरच नाही. केंद्रीय डिजिटल मालमत्ता व्यवस्थापनाची, म्हणजे लोगो, फोटो, माहितीपत्रकं अशा फायली एका व्यवस्थेत सांभाळण्याची खरी गरज तिथे असते.

कॅशे: पाच मिनिटांचं काम

वेबसाइटवर त्याच नावाने नवी प्रतिमा चढवली, तर ब्राउझर आपल्याकडची साठवलेली जुनी दाखवत राहू शकतो. खाजगी विंडोत किंवा दुसऱ्या फोनवर उघडून बघा. तिथे नवी दिसत असेल तर फाइल बरोबर आहे. तिथेही जुनीच असेल आणि साइट सीडीएनवरून (साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवून वेगाने पोहोचवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यावरून) चालत असेल, तर सीडीएनची कॅशे रिकामी करा. लिंक शेअर केल्यावर जे छोटं चित्र येतं ते वेगळं साठवलेलं असतं. फेसबुकच्या शेअरिंग डीबगर या साधनात पत्ता टाकून ते नव्याने वाचायला लावता येतं.

अडकलेली प्रत

पॉवरपॉइंट किंवा वर्डमध्ये चित्र टाकलं की साधारणपणे त्याची पूर्ण प्रत त्या फाइलच्या पोटात जाते. मूळ चित्राशी तिचा संबंध तिथे संपतो. शिवाय टेम्प्लेट बदलला म्हणून त्यावरून पूर्वी बनवलेली सादरीकरणं आपोआप बदलत नाहीत. लोक नवं सादरीकरण टेम्प्लेटवरून सुरू करतच नाहीत. गेल्या वेळचं उघडतात, 'सेव्ह ॲज' करतात आणि तारीख बदलतात. म्हणून तीन वर्षांपूर्वीचा लोगो परवाच्या बैठकीत दिसतो.

कोणत्या फाइलमध्ये काय अडकलं आहे ते बघायची एक सोपी युक्ती आहे. पीपीटीएक्स आणि डॉकएक्स या प्रत्यक्षात झिप फायली असतात. फाइलची एक प्रत काढा, तिच्या नावातलं टिंबानंतरचं एक्स्टेन्शन झिप करा आणि उघडा. आतल्या 'मीडिया' नावाच्या फोल्डरमध्ये सगळी चित्रं सुटी सापडतील. सर्वाधिक वापरली जाणारी पाच-सहा सादरीकरणं अशी उघडून बघितली, तर कोणती फाइल रोग पसरवते आहे ते लगेच कळतं. ती दुरुस्त करा आणि जुनी सगळ्यांच्या वापरातून काढून घ्या. दोन्ही करायला हवं. फक्त नवी दिल्याने जुनी जात नाही.

एक यादी मात्र जरूर करा: लोगो कुठेकुठे राहतो? बिलाचा आणि पावतीचा नमुना, लेटरहेड, पगारपत्रक, ओळखपत्र, ईमेलखालची सही, ॲपचं चिन्ह, ब्राउझरच्या टॅबवरचं छोटं चिन्ह, नकाशावरची आणि समाजमाध्यमांवरची खाती, व्हिडिओंच्या शेवटची पट्टी, वितरकांकडचे बॅनर. ही यादी एका माणसाच्या डोक्यातून पूर्ण होत नाही. हिशेबखातं, मनुष्यबळ विभाग, विक्री, कोठार अशा सगळ्यांना विचारावं लागतं. ईमेलची सही प्रत्येकाने आपापली बदलावी ही अपेक्षा सोडून द्या, ती सर्व्हरवरून एकदाच लावून टाका.

फाइल बरोबर, पण दिसते वाईट

व्हॉट्सॲपवर चित्र 'फोटो' म्हणून पाठवलं की ते आकुंचन पावतं. पडद्यावर फरक जाणवत नाही, छापल्यावर जाणवतो. पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ए४ आकाराचं पान पूर्ण भरेल असा फोटो दर इंची ३०० पिक्सेलने छापायचा, तर तो सुमारे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचा लागतो. ग्रुपवरून उतरवलेला फोटो बहुधा तिथवर पोहोचत नाही.

जेपीजी दर वेळी दुरुस्त करून सेव्ह केला की थोडा बिघडतो, आणि त्यात पारदर्शकता नसते. रंगीत पार्श्वभूमीवर लोगोमागे पांढरी चौकट येते ती त्यामुळे. लोगोची मूळ फाइल व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेली असायला हवी: एसव्हीजी, पीडीएफ किंवा डिझायनरची ओपन (बदल करता येणारी) फाइल. ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. छपाईसाठी सीएमवायके (शाईचे रंग) आणि पडद्यासाठी आरजीबी (प्रकाशाचे रंग) अशा दोन वेगळ्या फायली ठेवा. पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा हिरवा शाईने तसाच उतरत नाही, आणि तो कसा उतरावा हे छपाईच्या मशीनवर सोडण्यापेक्षा आधी ठरवलेलं बरं. छपाईवाला 'कर्व्ह करून पाठवा', म्हणजे अक्षरांचं रेषांच्या आकारांत रूपांतर करून पाठवा, म्हणतो तेही योग्यच आहे, कारण तुमचा फॉन्ट त्याच्याकडे असेलच असं नाही, आणि फॉन्टची फाइल दुसऱ्याला द्यायला त्याच्या परवान्याची मुभा असेलच असंही नाही.

दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून येत असेल तर

आता मुख्य दुखणं. इथे 'एक मोठं शेअर केलेलं फोल्डर करू' हा पहिला विचार येतो. फोल्डर करायला हरकत नाही, पण नुसतं सगळं एका जागी आणून टाकलं तर गोंधळही एका जागी येतो, एवढंच. केंद्रीय व्यवस्थेचा फायदा जागेतून मिळत नाही. तो मिळतो दोन गोष्टींतून: प्रत्येक मालमत्तेची एकच मूळ प्रत असते, आणि त्या प्रतीला न बदलणारा पत्ता असतो. लोकांनी फाइल एकमेकांना पाठवायच्या ऐवजी पत्ता पाठवला, की फाइल बदलली तरी पत्ता उघडणाऱ्याला नवीच मिळते.

हे महागड्या सॉफ्टवेअरशिवायही सुरू करता येतं. गूगल ड्राइव्हवर लोगोची नवी फाइल वेगळी चढवू नका. आधीच्याच फाइलवर 'आवृत्त्या व्यवस्थापित करा' या पर्यायातून नवी आवृत्ती चढवा. लिंक तीच राहते. वर्षापूर्वी कुणाला पाठवलेली लिंकही आता नवा लोगो देते. एक लक्षात ठेवा: अशा फायलींच्या जुन्या आवृत्त्या तिथे ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर आपोआप काढल्या जाऊ शकतात, हवी असलेली आवृत्ती कायम ठेवण्याची खूण करावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमधल्या लायब्ररीतही आवृत्त्यांचा इतिहास असतो आणि शिवाय प्रत्येक फाइलला माहितीचे रकाने जोडता येतात. छोट्या कंपनीला कित्येक वर्षं यावर चालवता येईल.

गूगलवर काम करणाऱ्यांनी मालकीचा मुद्दा आजच तपासावा. 'माय ड्राइव्ह'मधली फाइल ज्या व्यक्तीने बनवली तिच्या खात्याच्या मालकीची असते. ती व्यक्ती नोकरी सोडून गेली आणि मालकी दुसऱ्याकडे न सोपवता तिचं खातं पुसलं गेलं, तर फायलीही जातात. 'शेअर्ड ड्राइव्ह'मधल्या फायली संस्थेच्या मालकीच्या असतात आणि माणूस गेला तरी जागेवर राहतात. कंपनीचा लोगो, फोटो आणि ओपन फायली एखाद्याच्या खाजगी ड्राइव्हवर असणं हा मला या सगळ्यातला सर्वांत मोठा धोका वाटतो, आणि तो दूर करायला खर्च जवळपास काहीच नाही.

फोल्डर पुरत नाहीत, माहिती लागते

एक फोटो एकाच फोल्डरमध्ये राहतो. पण तो फोटो एका उत्पादनाचा असतो, एका प्रदर्शनातला असतो, एका वर्षातला असतो आणि त्यात दोन माणसंही असतात. तो 'उत्पादनं'मध्ये ठेवायचा की 'प्रदर्शनं'मध्ये? ज्याने ठेवला त्याचं उत्तर आणि ज्याला शोधायचा आहे त्याचं उत्तर जुळेलच असं नाही. मग शोधणारा दोन्हीकडे प्रत ठेवतो, आणि आपण पुन्हा मूळपदावर येतो.

यावरचा उपाय म्हणजे फाइलबद्दलची माहिती, मेटाडेटा. ही कल्पना नवी नाही. वृत्तसंस्थांना रोज हजारो फोटो हाताळावे लागत, म्हणून फोटोच्या आतच शीर्षक, छायाचित्रकार, हक्क वगैरे लिहून ठेवण्याचं आयपीटीसी (वृत्तमाध्यमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं) मानक १९९० च्या दशकात रूढ झालं. ॲडोबीने २००१ मध्ये त्यासाठी एक्सएमपी हा साचा आणला, आणि २०१२ मध्ये तो आयएसओ मानक झाला. आज बहुतेक चांगली साधनं ही माहिती वाचतात आणि लिहितात.

रकाने थोडे ठेवा. तीस रकाने ठेवले की कोणी एकही नीट भरत नाही. माझ्या मते हे पुरेत: शीर्षक, कशाबद्दल आहे (उत्पादन किंवा विषय), कोणी बनवलं, कधी बनवलं, हक्क कोणाचे, वापराची परवानगी कुठे आणि कधीपर्यंत, स्थिती, आणि जबाबदार व्यक्ती. यांतले स्थिती आणि परवानगीची मुदत हे दोन सक्तीचे करा, बाकीचे मागाहून भरले तरी चालतील. स्थिती तीनच: मसुदा, मंजूर, मागे घेतलेलं. साध्या वापरकर्त्याला शोधात फक्त 'मंजूर' दिसावं. जुना लोगो पुसायचा नाही. अमुक साली काय छापलं होतं हे दाखवायची वेळ येते. तो 'मागे घेतलेलं' करून फक्त ग्रंथपालाचं काम करणाऱ्या माणसाला दिसेल असा ठेवायचा.

विषयाचे शब्द प्रत्येकाला हवे तसे टाइप करू देऊ नका. एक 'पंप' लिहितो, दुसरा 'मोटरपंप', तिसरा 'मोटार पंप', आणि शोधात तिघांनाही आपापलंच सापडतं. निवडीची यादी द्या.

देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी तर ही यादी अधिकच गरजेची आहे. 'कर्मचाऱ्यांचे फोटो' असं नाव दोन संगणकांवर डोळ्यांना अगदी सारखं दिसूनही आतून वेगळं असू शकतं. त्यातला 'ऱ्या' काही कीबोर्डवर 'ऱ' या स्वतंत्र अक्षरापासून बनतो, तर काहींवर साध्या 'र'ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. 'ॲप'मधला 'ॲ'ही एकाच चिन्हाने किंवा 'अ' आणि वरची चंद्रकोर अशा दोन चिन्हांनी टाइप होतो. शोधयंत्राला हे वेगळे शब्द वाटतात आणि फाइल समोर असून सापडत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व (अक्षरांसाठीचं आजचं सार्वत्रिक मानक येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये बनवलेल्या पीडीएफमधला मजकूर तर शोधात येतच नाही. म्हणून टॅग, म्हणजे विषयाचे शब्द, यादीतून निवडायचे, आणि जुन्या पीडीएफना शीर्षक हाताने युनिकोडमध्ये लिहून द्यायचं.

फाइलच्या नावाबद्दल थोडक्यात: तारीख २०२५-०३-१४ अशी, वर्ष आधी लिहिली की फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. नावात 'अंतिम' हा शब्द नको. अंतिम काय ते स्थितीचा रकाना सांगेल. विंडोजवर पूर्ण मार्गाची लांबी पूर्वापार २६० अक्षरांपुरती असते, त्यामुळे खोल फोल्डर आणि लांबलचक नावं एकत्र आली की फाइल उघडत नाही किंवा कॉपी होत नाही.

हक्क आणि मुदत

केंद्रीय व्यवस्थेचा हा फायदा सर्वांत कमी बोलला जातो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विकत घेतलेला प्रत्येक फोटो कायमचा आणि कशासाठीही वापरता येत नाही. 'रॉयल्टी फ्री' म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरून परवान्याच्या अटींत पुन्हा पुन्हा वापरण्याची ती मुभा आहे. 'राइट्स मॅनेज्ड' परवान्यात मुदत, प्रदेश आणि वापराचा प्रकार ठरलेला असतो. 'फक्त संपादकीय वापरासाठी' असलेला फोटो जाहिरातीत चालत नाही. बाहेरच्या छायाचित्रकाराने काढलेल्या फोटोंचे हक्क कोणाकडे राहतात याचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून लेखी करार हवा आणि तो त्या फोटोलाच जोडलेला हवा. फोटोत दिसणाऱ्या माणसांची संमतीही तशीच.

ही माहिती एखाद्याच्या ईमेलमध्ये असेल तर ती नसल्यासारखीच. फोटो ग्रुपवरून किंवा समाजमाध्यमावरून फिरून आला की आत लिहिलेली माहिती बहुतेकदा गळून पडते, त्यामुळे पुढच्या माणसाला मुदतीचा पत्ताच नसतो. व्यवस्थेत मुदतीची तारीख भरलेली असेल, तर मुदत संपताच फोटो आपोआप शोधातून बाहेर जातो. चांगल्या साधनांत कोणी कोणती फाइल उतरवून घेतली याचीही नोंद राहते. उतरवलेल्या प्रती परत खेचता येत नाहीत, पण कोणाला कळवायचं ते तरी कळतं. पन्नास जणांना सरसकट ईमेल करण्यापेक्षा ज्या चौघांनी ती फाइल घेतली त्यांना फोन करणं कितीतरी परिणामकारक असतं.

सुरुवात कुठून करायची

जुनं सगळं एकदम हलवू नका. दहा वर्षांचे फोटो एका झपाट्यात चढवले की नव्या जागेवर पहिल्याच दिवशी कोणाचा विश्वास बसत नाही, कारण शोधात कचराच वर येतो. कंपनीबाहेर जाणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करा: लोगो, चालू उत्पादनांचे फोटो, माहितीपत्रकं, प्रमाणपत्रं, सादरीकरणाचे टेम्प्लेट. बाकीचं मागितलं जाईल तसं आणायचं. एखादी फाइल कोणी मागितलीच नाही, तर ती संग्रहात पडून राहिली तरी बिघडत नाही.

नकला काढून टाकायला एसएचए-२५६ सारख्या हॅशने, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशासारख्या आकड्याने तुलना करणारी साधनं आहेत. बिट-न-बिट सारख्या फायली ती अचूक पकडतात. पण तोच फोटो छोटा करून किंवा पुन्हा सेव्ह करून ठेवला असेल तर हॅश वेगळा येतो, तिथे दिसण्यावरून साम्य शोधणारं साधन लागतं. आणि शेवटी डोळे लागतातच, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन फोटोंतल्या एकावरच उत्पादनाचा नवा शिक्का असू शकतो.

जबाबदारी एका माणसाच्या नावावर हवी. 'सगळ्यांनी मिळून सांभाळू' म्हटलेली जागा वर्षभरात पुन्हा उकिरडा होते. तो माणूस आयटी विभागाचाच हवा असं नाही. ज्याला आज सगळे 'ती फाइल पाठव ना' म्हणून फोन करतात, तो बहुधा सर्वांत योग्य असतो, कारण लोक काय आणि कोणत्या शब्दांत मागतात ते त्याला ठाऊक असतं. फक्त हे काम त्याच्या बाकीच्या कामावर चढवलेलं ओझं ठरू नये. त्याच्या कामाच्या यादीत त्याला वेळ मिळायला हवा. सुरू करण्याआधी आठवडाभर असे फोन आणि निरोप मोजून ठेवायला त्याला सांगा. नंतर पुन्हा मोजाल तेव्हा व्यवस्थेचा उपयोग होतो आहे की नाही ते वेगळं सिद्ध करावं लागणार नाही.

स्वतंत्र सॉफ्टवेअर केव्हा घ्यायचं? बाहेरचे भागीदार बरेच असतील, परवानग्यांच्या मुदती सांभाळायच्या असतील, एकाच फोटोचे दहा आकार रोज लागत असतील किंवा व्हिडिओ भरपूर असेल, तर साधं ड्राइव्ह कमी पडायला लागतं. रिसोर्सस्पेस हे मुक्त स्रोतातलं साधन २००६ पासून आहे आणि ते मुळात ऑक्सफॅम या संस्थेच्या गरजेतून घडलं. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची तयारी असेल तर ते जरूर बघा. विकत घेणार असाल तर विक्रेत्यासमोर तुमच्याच फायली ठेवा आणि या गोष्टी करून दाखवायला सांगा: फाइल बदलल्यावर लिंक तीच राहते का, मुदत संपल्यावर फाइल आपोआप बाजूला होते का, देवनागरी शोध चालतो का, आणि उद्या सोडून जायचं ठरवलं तर सगळ्या फायली त्यांच्या माहितीसकट बाहेर काढता येतात का. शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर तिथे थांबा.

केंद्रीय जागा म्हणजे बॅकअप नव्हे, हेही इथेच सांगतो. सगळं एका जागी आलं की नुकसानही एका जागी होऊ शकतं. सिंक होणाऱ्या फोल्डरमधून फाइल पुसली की ती सगळीकडून जाते. खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर त्या कुलपासकट सिंक होतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला नियम इथेही लागू आहे. आणि त्या प्रतीतून फाइल खरंच परत आणून बघा.

एवढं करूनही पुन्हा झालं तर

पुन्हा ते तीन प्रश्न विचारा. या टप्प्यावर उत्तरं वेगळी येतात.

'तिथे सापडत नाही' असं उत्तर आलं, तर त्याने शोधात नेमका कोणता शब्द टाकला ते विचारा आणि तो शब्द यादीत घाला. लोकांचे शब्द सुधारत बसू नका, व्यवस्थेला ते शिकवा.

'मला परवानगी नव्हती' असं आलं, तर कुलूप जास्त घट्ट बसलं आहे. मंजूर लोगो आणि चालू माहितीपत्रक कंपनीतल्या प्रत्येकाला विनापरवानगी मिळायला हवं. किमती किंवा प्रकाशित न झालेल्या उत्पादनांचे फोटो तेवढे बंद ठेवा.

'नवी फाइल तिथे अजून आलीच नव्हती' हे उत्तर वरचेवर ऐकू येतं. मोहीम सुरू होऊन गेल्यावर फायली चढवल्या जातात, तोवर लोकांनी मिळेल तिथून घेतलेल्या असतात. कामाचा क्रम बदला: फाइल केंद्रात चढल्याशिवाय ती मंजूर धरायची नाही, आणि मंजुरीसाठी साहेबांनाही ईमेलमधली फाइल न पाठवता केंद्रातली लिंक पाठवायची.

'साहेबांनी ग्रुपवर मागितली म्हणून टाकली' असंही होतं. इथे नियम वरून पाळला गेला तरच खाली पाळला जातो. मागणाऱ्याचं पद काहीही असो, उत्तर लिंकनेच द्या. फाइल मिळते, कोणाचा अपमान होत नाही, आणि पुढच्या वेळी कुठे बघायचं ते कळतं.

आणि 'एजन्सीने पाठवली' असं आलं, तर मूळ फायली तुमच्याकडे नाहीतच, त्यांच्याकडे आहेत. त्यांच्याकडच्या जुन्या ओपन फाइलवरून ते नवं काम करत राहतात. पुढच्या करारात दोन ओळी घाला: लोगो आणि फोटो दर वेळी आमच्या लिंकवरूनच घ्यायचे, आणि काम संपल्यावर ओपन फायली, वापरलेले फोटो आणि त्यांच्या परवान्यांची कागदपत्रं आमच्या केंद्रात चढवल्यावरच शेवटचं बिल मंजूर होईल. चालू असलेल्या कामांसाठीही त्यांच्याकडून ओपन फायली आत्ताच मागवून घ्या. एजन्सी बदलायची वेळ आल्यावर त्या मिळवणं फार अवघड जातं.